कानातलं यंत्र आणि कुबड्या

‘लीप ऑफ फेथ’ (१९९२) या सिनेमात जोनास नाइटेंगेल हा भोंदू प्रवचनकार कॅन्ससमधल्या दुष्काळी गावात तंबू ठोकतो. लोकांची दुखणी त्याला ‘आपोआप’ कळतात. खरं तर जेन ही त्याची साथीदार ती कानातल्या यंत्रातून सांगत असते.

या युक्तीला खरा इतिहास आहे. पीटर पॉपऑफ या प्रवचनकाराला त्याची बायको ३९.१७ मेगाहर्ट्झवरून माहिती पुरवत होती. जेम्स रँडींच्या गटाने ते रेडिओ स्कॅनरवर पकडलं आणि १९८६मध्ये टीव्हीवर ऐकवलं. पुढच्या वर्षी पॉपऑफचं दिवाळं निघालं. (नंतर तो परतलाही!)

आता संशोधकाची अडचण बघा. हे ध्वनिमुद्रण पॉपऑफविरुद्ध पक्का पुरावा आहे, पण सभेत बसलेल्या आजारी माणसाबद्दल ते जवळपास गप्प आहे. ‘लोक भोळे होते’ हे वाक्य आपण पदरचं घालतो. सिनेमा तिथेच थांबत नाही: अपंग बॉइड खरंच चालू लागतो, आणि सगळ्यात जास्त हादरतो तो जोनास. पळ काढतो बिचारा. चमत्काराचा पुरावा म्हणून हा सिनेमा कुचकामी. पण फसवणूक उघड झाल्यावरही कोणता प्रश्न उरला होता, हे त्यातून कळतं.

श्रद्धाळूंची बाजू शोधायची तर मी त्या प्रार्थनेच्या चिठ्ठ्यांपासून सुरुवात करेन. बायको वाचून दाखवायची, त्याच.