हात आमचे, गल्ला कोणाचा?

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरात प्राडा कंपनीच्या फॅशन शोमध्ये पुरुष मॉडेल जी पादत्राणे घालून चालले, ती कोल्हापुरातल्या कोणत्याही शाळकरी पोराने लांबूनच ओळखली असती. कंपनीने मात्र त्यांना नुसते 'चामड्याचे सँडल' म्हटले. मग महाराष्ट्रात एकच ओरड झाली : 'आमची संस्कृती चोरली!' ज्यांनी आयुष्यात कधी चर्मकार वस्तीत पाऊल टाकले नाही, तेही अस्मितेने पेटून उठले.

माझा प्रश्न त्या 'आमची' या शब्दाबद्दल आहे. कोल्हापुरी चप्पल मिरवायची असते तेव्हा ती महाराष्ट्राची शान असते. ती शिवणारा हात मात्र चांभाराचा आणि कातडे कमावणारा हात ढोराचाच राहतो. शान सगळ्यांची आणि जात ज्याची त्याची, हा हिशोब प्राडाने सुरू केलेला नाही. तो आपल्या गावात शेकडो वर्षे चालू आहे. म्हणून चोरीची तक्रार करायची असेल तर ती मिलानपासून नाही, गावाच्या खळ्यापासून सुरू करावी लागेल.

बलुत्याला भाव नसतो

गावगाड्यात चांभार हा बलुतेदार. त्याने वर्षभर गावाच्या वहाणा शिवायच्या, विहिरीवरची चामड्याची मोट दुरुस्त करायची, लागेल ते चामड्याचे काम करायचे आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्य मागायचे. शाळेच्या पुस्तकात या व्यवस्थेला 'स्वयंपूर्ण खेडे' म्हणतात. त्या स्वयंपूर्णतेत एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे भाव. 'हा जोड एवढ्याला पडेल, परवडत नसेल तर राहू द्या,' असे म्हणण्याचा अधिकार बलुतेदाराला नव्हता. किती द्यायचे ते देणारा ठरवणार आणि घेणारा पदर पसरणार. कारागिरी होती, कौशल्य होते, गिऱ्हाईकही रोजचे होते. फक्त दुकान नव्हते.

दुकान ही साधी गोष्ट वाटते. पण दुकानाच्या फळीला एक अर्थ आहे. फळीच्या अलीकडे विकणारा, पलीकडे घेणारा आणि मध्ये ठरलेली किंमत. तिथे विकणाऱ्याला 'नाही' म्हणता येते. जातिव्यवस्थेने अस्पृश्याला काम करायला कधीच मनाई केली नाही, उलट सक्तीच केली. मनाई होती ती या फळीमागे बसण्याला.

कोल्हापूरनेच याचा धडा दिला आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतन रद्द केले आणि बलुत्याच्या बंधनातून लोकांना मोकळे करण्याचे पाऊल उचलले. त्याच काळात पाण्याला शिवल्यावरून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना त्यांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढायला मदत केली. हॉटेलचे नाव 'सत्यसुधारक'. सवर्ण तिथे चहा पिईनात, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेत आणि सोबतच्या मंडळींनाही पाजत. महाराजांना नुसती मदतच करायची असती तर गंगाराम यांना पैसे देऊन घरी बसवता आले असते. त्यांनी त्यांना गल्ल्यावर बसवले. अस्पृश्याच्या हातून घ्यायचे आणि त्याचा मोबदला त्याच्या हातात मोजायचा, हा व्यवहार भर रस्त्यावर घडवून आणणे म्हणजेच जातीवर घाव घालणे होते.

इतिहासात कोण राहते?

कोल्हापुरी चपलेच्या इतिहासात राजेरजवाडे येतात, दरबार येतात, बनवणारे येत नाहीत. ज्या मराठी-कानडी सीमाभागात ही चप्पल बनते, त्याच भागाला बाराव्या शतकातील शरण चळवळीचा वारसा आहे. बसवण्णांच्या त्या चळवळीत हरळय्या हे चांभार आणि कक्कय्या हे ढोर समाजातले शरण होते. हरळय्यांच्या मुलाचा विवाह ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीशी झाला, म्हणून राजा बिज्जलाच्या राज्यात दोन्ही पित्यांना हाल करून मारले गेले, असे शरण परंपरा सांगते. चामड्याचे काम करणाऱ्या माणसाने समतेसाठी जीव दिला, हाही चपलेचाच इतिहास आहे. पण चपलेच्या जाहिरातीत तो छापत नाहीत, कारण त्यात वारसा कमी आणि विद्रोह जास्त आहे.

बनवण्याचे कामही कोणी नीट सांगत नाही. कातडे चुन्यात टाकून केस काढायचे, बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते दिवसेंदिवस मुरवायचे, मग रापीने कापायचे, आरीने भोके पाडायची आणि खिळा न वापरता चामड्याच्याच वादीने शिवायचे. पट्ट्यावरची वेणी, नक्षीची छिद्रे ही कामे बहुतेक घरांत बायका करतात. इतके सगळे होऊन बाजारात नाव कोणाचे? जिल्ह्याचे आणि दुकानाचे. बनवणाऱ्याचे नाव चपलेवर कुठेच नसते.

बाबासाहेब कारागिरीच्या विरोधात होते काय?

इथे आपल्यातलेच काही तरुण विचारतील : जातीचा धंदा सोडा असे बाबासाहेबांनी सांगितले आणि तुम्ही चपला शिवायला सांगता? प्रश्न रास्त आहे, त्याला बगल देऊन चालणार नाही.

मार्च १९२७ च्या महाड परिषदेने मृत जनावरे ओढणे आणि त्यांचे मांस खाणे बंद करण्याचा निर्धार केला. त्यावर 'यात तुमचेच नुकसान आहे, कातडे, शिंगे, हाडे यांचे उत्पन्न बुडेल' असा हिशोब सवर्णांनी मांडला. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी 'केसरी'तल्या अशाच एका पत्राचा समाचार घेतला. एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच का घेत नाही, असा त्यांचा उलट सवाल होता. त्या सवालाला आजही उत्तर मिळालेले नाही.

१९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात त्यांनी हाच मुद्दा शास्त्रशुद्ध मांडला. जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेली. माणसाची आवड, कुवत यांना तिथे स्थान नाही, जन्मावरून काम ठरते. त्यावर गांधीजींनी 'हरिजन'मध्ये उत्तर दिले, त्यात वडिलोपार्जित धंद्यावर पोट भरण्याचा वर्णधर्म त्यांनी उचलून धरला. आज 'पारंपरिक कला जपा' म्हणणारी गोड भाषा ऐकली की मला तोच वाद आठवतो. कला जपायची म्हणजे कोणी? चर्मकाराच्या पोराने रापी धरून जपायची आणि इतरांनी प्रदर्शनात फोटो काढून जपायची काय?

बाबासाहेब हस्तकलेचे भाबडे भक्त नव्हते. यंत्राने माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, हे त्यांनी ठणकावून सांगितले. त्यांचा विरोध सक्तीला, कलंकाला आणि फुकटच्या राबण्याला होता. म्हणून कोणताही हस्तोद्योग आपण एका कसोटीवर घासून पाहिला पाहिजे : मालकी बनवणाऱ्याची आहे काय, भाव तो ठरवतो काय आणि त्याच्या मुलीला हे काम सोडून डॉक्टर व्हायचे असेल तर वाट मोकळी आहे काय? तिन्हींचे उत्तर 'होय' असेल तर तो उद्योग. एकाचेही उत्तर 'नाही' असेल तर ते बलुतेच, मग त्यावर कितीही सुंदर लेबल लावा.

महामंडळ, टॅग आणि कारागीर

या कसोटीवर आजचे चित्र काय दिसते?

बलुते संपले, मोटेच्या जागी इंजिन आणि विजेचा पंप आला, गावातले काम आटले. कारागीर शहरातल्या बाजाराकडे वळला. तिथे गावाच्या जागी व्यापारी उभा होता. तो आगाऊ रक्कम देतो, माल देतो आणि जोडामागे मजुरी ठरवतो. उचल फिटेपर्यंत दुसरीकडे माल घालता येत नाही. खळे गेले, पदर पसरणे राहिले.

१९७४ मध्ये महाराष्ट्र शासनाने चर्मोद्योग विकास महामंडळ स्थापन केले, ते आज संत रोहिदासांच्या नावाने ओळखले जाते. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग मिळाला. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांत बनलेलीच चप्पल 'कोल्हापुरी' म्हणवू शकते. पण या मानांकनाचे नोंदणीकृत मालक कोण? महाराष्ट्र आणि कर्नाटकची दोन सरकारी महामंडळे. कारागिराला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. प्राडाविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली, तेव्हा मुद्दा हाच होता की मानांकनाचे मालक याचिकाकर्ते नाहीत. म्हणजे ज्याने चप्पल घडवली, तो स्वतःच्या चपलेच्या नावाचा मालक नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये याच दोन महामंडळांशी प्राडाचा करार झाला आणि कोल्हापुरीवरून प्रेरित असे २००० जोड भारतात बनवून जोडी सुमारे ८०० युरोला विकण्याचे जाहीर झाले. काम मिळते आहे, नाव घेतले जाते आहे, याचा आनंदच आहे. पण ८०० युरोंतले शिवणाऱ्याच्या हातात किती पडणार, हा प्रश्न विचारल्याशिवाय टाळ्या वाजवू नका.

दुसरीकडे २०१५ नंतर गोवंश हत्याबंदीने कच्च्या मालावर आणि गोरक्षकांच्या दहशतीने जिवावर टाच आणली. जुलै २०१६ मध्ये गुजरातच्या उना तालुक्यात मेलेल्या गाईचे कातडे काढले म्हणून चार दलित तरुणांना फटके मारत मिरवले. तेव्हा सुरेंद्रनगरात दलितांनी मेलेली जनावरे थेट जिल्हाधिकारी कचेरीपुढे नेऊन टाकली. बाबासाहेबांचा उलट सवाल त्यांनी कृतीतून विचारला.

फळीमागे बसायचे कसे?

तरीही वेगळे काही घडलेच नाही असे नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीत १९९० च्या दशकाच्या अखेरीस चर्मकार स्त्रियांचे बचत गट एकत्र आले आणि 'असेंट' या संस्थेच्या मदतीने 'टोहोल्ड' या सामायिक नावाखाली त्यांनी आपली चप्पल विकायला घेतली, परदेशातही पाठवली. यात मला सर्वांत मोठी गोष्ट दिसते ती ही की, घरात बसून वेणी घालणाऱ्या बाईचे काम पहिल्यांदा 'मदत' न राहता 'काम' म्हणून मोजले गेले. बाबासाहेब समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजत. सामायिक दुकानही त्याच मापाने मोजा : गल्ल्याची चावी कोणत्या बाईच्या हातात आहे?

मुंबईत कलाकार सुधीर राजभर यांनी धारावीच्या कारागिरांसोबत काम करताना आपल्या ब्रँडचे नावच 'चमार' ठेवले. जो शब्द शिवी म्हणून फेकला जातो, तोच महागड्या पिशवीवर छापला. नावाबद्दल आपल्यात मतभेद असू शकतात. पण बनवणाऱ्याला लपवून वस्तू विकण्याच्या रिवाजाला त्याने धक्का दिला, हे मान्य करावे लागेल.

यात एक धोका आहे, तोही सांगतो. सामायिक दुकान म्हणजे एका पोटजातीचे दुकान नव्हे. ढोराने कातडे कमावायचे, चांभाराने शिवायचे, मांगाने दोर वळायचे, बुरुडाने सुपे विणायची आणि चौघांनी एकमेकांच्या घरचे पाणी टाळायचे, यालाच बाबासाहेब श्रेणीबद्ध विषमता म्हणत. बहिष्कृत हितकारिणी सभेत बाबासाहेबांसोबत सीताराम शिवतरकर होते, ते चर्मकार समाजाचे. ही एकी तेव्हा जमली होती, आज का जमू नये? जे दुकान या सगळ्यांना एका फळीमागे बसवील, तेच आंबेडकरी दुकान.

आणि हे फार दूरचे स्वप्न नाही. संविधानाच्या कलम ४३ ने ग्रामीण कुटीरोद्योग सहकारी तत्त्वावर वाढवण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. केंद्र सरकारच्या खरेदी धोरणात ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून करण्याचे उद्दिष्ट आहे. किती बचत गटांना, किती तरुणांना ते माहीत आहे? रस्त्यावरच्या गटई कामगाराला पत्र्याचा स्टॉल देऊन शासन मोकळे होते. स्टॉल हवाच, पण आपली मागणी पत्र्यावर थांबता कामा नये.

दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर आपण लाखोंनी जमतो. कोणत्याही सरकारच्या मदतीशिवाय तिथे पुस्तकांचा केवढा बाजार उभा राहतो! भाकरीतले पैसे वाचवून लोक पुस्तके विकत घेतात. आपल्याला बाजार उभारता येत नाही, हे त्या दिवशी खोटे ठरते. पुढच्या वेळी तिथे पुस्तकांच्या शेजारी कारागिरांची एक सामायिक फळी का नसावी? प्रत्येक वस्तूवर बनवणाऱ्याचे नाव, गाव आणि त्याच्या हातात पडणारी रक्कम छापलेली असावी. घासाघीस करायची सवय असलेल्यांनी ती आकडेवारी आधी वाचावी, मग तोंड उघडावे.

कार्यकर्त्यांनो, या वर्षी आपल्या तालुक्यातल्या एका तरी चर्मकार, ढोर, मांग किंवा बुरूड वस्तीत जाऊन बसा. जोडामागे काय मिळते, उचल किती, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद आहे की नाही, हे विचारून लिहून काढा. अस्मितेच्या घोषणा इतर लोक देतील. हिशोब आपल्यालाच मांडावा लागेल, कारण बलुत्याचा हिशोब आजवर कोणीच मांडू दिला नाही.

जय भीम!