रिसायकलिंगचा टक्का कसा मोजतात? युरोपचे आकडे आणि आपल्या घरची रद्दी

बुऱ्हाणपूर : शंभर किलो कचऱ्यातला किती किलो पुन्हा कामात आला, हा झाला रिसायकलिंगचा टक्का. युरोपात ओल्या कचऱ्याचे खतही यातच धरतात.

आकडे काय सांगतात?
युरोपीय संघात सन 2000 च्या सुमारास हा टक्का 27 च्या आसपास होता, आता तो 48 च्या घरात आहे. जर्मनी सुमारे दोन-तृतीयांशावर, तर रुमानिया 12 टक्क्यांच्या आसपास. वेल्स 1998-99 मध्ये जेमतेम 5 टक्क्यांवर होते, आज 60 च्या पुढे आहे. तिथे उरलेले अन्न दर आठवड्याला वेगळे उचलतात आणि लक्ष्य चुकले तर पालिकेला दंड लावण्याची कायद्यात सोय आहे. शेजारचे इंग्लंड मात्र 11 वरून 43-44 पर्यंत चढले आणि गेली दहा वर्षे तिथेच अडकले.

वजन कुठे केले?
खरी मेख इथेच आहे. गोळा केलेला माल वेगळा आणि कारखान्यात गेलेला वेगळा. ओला, खराब माल मध्येच बाद होतो. म्हणून युरोपीय संघाने 2018 मध्ये नियम बदलला : वजन शक्यतो कारखान्याच्या दारात धरायचे. लक्ष्य 2025 साठी 55, 2030 साठी 60 आणि 2035 साठी 65 टक्के. जुने-नवे आकडे शेजारी ठेवताना हा फरक विसरू नये.

आपल्याकडे काय?
2016 च्या केंद्रीय नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करायला सांगितले. बुऱ्हाणपूरची कचरा गाडी असो की रावेरची घंटागाडी, नियम एकच. पण रद्दी, पत्रा, बाटल्या आपण गाडीत टाकतच नाही, भंगारवाल्याला विकतो. हा माल पालिकेच्या काट्यावर चढत नाही, म्हणून हिशेबातही येत नाही. युरोपच्या टक्क्याशी आपली थेट तुलना करणे त्यामुळे चुकीचे ठरते.

रद्दीची किंमत जिल्ह्याला नवी नाही. 1956 मध्ये राष्ट्राला अर्पण झालेली नेपानगरची कागद मिल आधी सलई आणि बांबूवर चालायची. नूतनीकरणानंतर 2022 मध्ये ती पुन्हा सुरू झाली, ती रद्दीची शाई काढून लगदा करणाऱ्या यंत्रणेसह. मात्र भाजीच्या पाण्यात भिजलेला कागद भंगारवालाही घेत नाही. टक्का मोजतात कारखान्याच्या दारात, पण ठरतो तो स्वयंपाकघरातल्या दोन डब्यांवर.