मराठी म्हणून राष्ट्रपती? एका पटणाऱ्या वाक्याची तपासणी

संशोधनाचा आराखडा लिहिताना "अमुक ओळखीमुळे अमुक निकाल लागला" असं वाक्य आपण सहज लिहून जातो. जात, धर्म, भाषा, प्रांत यांपैकी एखादं कारण हाताशी असतंच आणि वाचणाऱ्यालाही ते पटतं. आज असंच एक वाक्य तपासू: "प्रतिभा पाटील मराठी होत्या म्हणून २००७ मध्ये राष्ट्रपती झाल्या."

आधी त्यांची कारकीर्द बघू. जन्म १९३४ चा, जळगाव जिल्ह्यातला. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयातून कायद्याची पदवी घेऊन त्यांनी जळगावच्या न्यायालयात वकिली सुरू केली. १९६२ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, त्या आमदार झाल्या. पुढे एदलाबादमधून (आताचं मुक्ताईनगर) सलग चार वेळा निवडून आल्या. राज्यात मंत्रिपद, विधानसभेत विरोधी पक्षनेतेपद, राज्यसभेचं उपसभापतिपद, १९९१ मध्ये अमरावतीची खासदारकी आणि २००४ मध्ये राजस्थानचं राज्यपालपद, असा हा ४५ वर्षांचा प्रवास आहे.

२००७ च्या प्रचारात मात्र यातलं फारसं काही ऐकू आलं नाही. तेव्हा चर्चा होती ती तीन ओळखींची. पहिली, महिला. दुसरी, महाराष्ट्राची लेक. तिसरी, राजस्थानची सून, कारण त्यांच्या सासरचं मूळ राजस्थानातलं आणि समोरचे उमेदवार भैरोंसिंह शेखावतही तिथलेच. शिवसेना तेव्हा भाजपसोबत एनडीएत होती. तरी पहिल्यांदाच मराठी व्यक्ती राष्ट्रपती होतेय, असं सांगून सेनेने काँग्रेसच्या उमेदवाराला पाठिंबा दिला. आपलं पटणारं वाक्य इथून जन्माला येतं.

आता आकडेमोड करू. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत आमदाराच्या मताला मूल्य असतं. राज्याची १९७१ ची लोकसंख्या भागिले आमदारांची संख्या, पुन्हा भागिले १,०००. महाराष्ट्राची लोकसंख्या तेव्हा ५,०४,१२,२३५ होती, आमदार २८८. उत्तर येतं १७५. म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या १२ आमदारांची मिळून २,१०० मतं. २००७ मध्ये एका खासदाराच्या मताचं मूल्य ७०८ होतं.

२००४ मध्ये सेनेचे ६२ आमदार आणि लोकसभेत १२ खासदार निवडून आले होते. १०,८५० अधिक ८,४९६, म्हणजे १९,३४६. मधल्या काळात काही आमदार पक्ष सोडून गेले, ते आपण वजा केलेले नाहीत. राज्यसभेतले मोजके सदस्य मिळवले तरी बेरीज २५ हजारांच्या आत राहते. ही सगळी मतं शेखावतांकडे गेली असती तर फरक दुपटीने कमी झाला असता, म्हणजे जास्तीत जास्त ५० हजारांनी. प्रत्यक्षात पाटील यांना ६,३८,११६ आणि शेखावतांना ३,३१,३०६ मतं मिळाली. फरक ३,०६,८१०.

म्हणजे सेनेचा पाठिंबा नसता तरी निकाल तोच लागला असता. त्याच वर्षी उत्तर प्रदेशात बसपचे २०६ आमदार निवडून आले होते. तिथल्या आमदाराच्या मताचं मूल्य २०८, म्हणजे ४२,८४८ मतं. बसपचा पाठिंबाही पाटील यांनाच होता आणि त्या पक्षाला 'मराठी' या ओळखीशी काही देणंघेणं नव्हतं.

बरं, निकाल नसेल ठरवला, पण सेनेचा निर्णय तरी या ओळखीने ठरवला का? प्रयोगशाळेत आपण एक घटक काढून घेतो आणि परिणाम टिकतो का ते बघतो. इतिहासात तशी सोय नसते, पण तुलना करता येते. २०१२ मध्ये सेना पुन्हा एनडीएची वाट सोडून गेली आणि तिने प्रणव मुखर्जींना मत दिलं. ते बंगाली. भाजपने ज्यांना पाठिंबा दिला ते पी. ए. संगमा आदिवासी समाजाची ओळख पुढे करून लढत होते. २०२२ मध्ये उद्धव ठाकरे महाविकास आघाडीत असूनही त्यांनी द्रौपदी मुर्मू यांना पाठिंबा जाहीर केला आणि त्या आदिवासी महिला आहेत हे कारण दिलं.

तीन वेळा मित्रपक्षांची साथ सोडली. एकदा कारण मराठी, एकदा आदिवासी, आणि मधल्या वेळी आदिवासी उमेदवाराच्याच विरोधात मत. म्हणून 'मराठी' हे आवश्यक कारण ठरत नाही. पण ते खोटं होतं असंही यातून सिद्ध होत नाही. मराठी माणसाच्या नावावर १९६६ मध्ये उभ्या राहिलेल्या पक्षाला पहिल्या मराठी राष्ट्रपतीच्या विरोधात मत देणं आपल्या मतदारापुढे जड गेलं असतं. मित्रपक्षापासून वेगळं होण्याची सोय या ओळखीने करून दिली. कारण आणि सोय यांतला हा फरक आपल्या प्रस्तावात दिसायला हवा.

आणखी एक अडचण. हे मतदान गुप्त असतं आणि त्याला पक्षादेश लागू होत नाही. पक्षाने जाहीर केलेलं कारण आपल्याला कळतं, मतपत्रिकेमागचं मन कळत नाही. त्यामुळे "आमदारांनी मराठीपणाला मत दिलं" असं लिहिण्याआधी थांबा. "पक्षाने मराठीपणाचं कारण दिलं" इतकंच आपल्या हातात आहे.

या सगळ्यात वकील प्रतिभा पाटील कुठे गेल्या? २००६ मध्ये राजस्थान सरकारचं धर्मांतरविषयक विधेयक राज्यपाल म्हणून त्यांच्यासमोर आलं. त्यांनी त्यावर सही न करता ते परत पाठवलं. धर्माच्या ओळखीवरून पेटलेल्या वादात त्यांनी स्वतः घेतलेला हा निर्णय. लेक आणि सून या शब्दांत तो कुठेच बसत नाही. आपण फक्त ओळखींची यादी केली तर बाईने काय केलं हा प्रश्न विचारायचाच राहून जातो. त्यामुळे एखाद्या नेत्याच्या कारकिर्दीवर काम करणार असाल तर दोन रकाने आखा: लोकांनी त्यांना काय म्हटलं, आणि पदावर असताना त्यांनी काय केलं. दुसरा रकाना भरायला जास्त वेळ लागतो. म्हणून तो आधी भरायला घ्या.