आगोटीचं सामान आणि मुंबईतलं मालवणी जेवण

सोसायटीच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने इमारत कशी उभी राहिली, पहिली कमिटी कोणती, पाण्यासाठी काय धावपळ झाली, हे सगळं या अंकात येणारच. मला त्याच्याही मागचा थोडा इतिहास सांगायचा आहे. आपल्याकडच्या बऱ्याच सभासदांचं मूळ गाव मालवण, देवगड, वेंगुर्ला, कुडाळ, कणकवली या बाजूचं. आपले आजे-पणजे मुंबैक इले, तेव्हा ते जेवले काय आणि त्यांना जेवू घातलं कोणी, एवढाच हा विषय आहे.

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईतली पहिली कापड गिरणी स्थापन केली. पुढे लालबाग, परळ, शिवडी, वरळी असं गिरणगाव वाढत गेलं. त्याला मनुष्यबळ पुरवण्यात कोकणाचा, विशेषतः जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा फार मोठा. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. त्याआधी आपण सगळे रत्नागिरीकरच. गावाकडे जमीन थोडी, तीही बरीचशी पावसाच्या भातावर. म्हणून घरातला एक तरी पुरुष मुंबईला, आणि बायको-मुलं, म्हातारी माणसं गावात, अशी विभागणी झाली. मुंबईत तो चाकरमानी झाला. एकेका खोलीत गावचे दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपत. एक दिवसपाळीला गेला की त्याच वळकटीवर रातपाळीचा येऊन आडवा व्हायचा.

अशा खोलीत चूल पेटवणार कोण? इथे उपयोगी पडली आगोट. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र खवळतो, होड्या वर ओढून ठेवतात, ताजी मासळी मिळत नाही. म्हणून पाऊस सुरू व्हायच्या आधी घराघरात बेगमी करायची, तीच ही आगोट. सुका बांगडा, सुकट, सोडे, आमसुलं, कुळीथ, काळे वाटाणे, उकडे तांदूळ, कुटून ठेवलेला मसाला. यातली प्रत्येक वस्तू महिनोन्महिने टिकावी म्हणूनच तयार केलेली. भात उकडून वाळवला की तांदूळ टिकतो आणि पेजेला चवही येते.

पावसाच्या चार महिन्यांसाठी केलेली ही बेगमी मुंबईच्या अकरा महिन्यांना बरोबर लागू पडली. मे महिन्यात रजेवर आलेला चाकरमानी परत निघायचा, तेव्हा घरात नेमकी आगोटीचीच गडबड असायची. त्यातलाच वाटा गाठोड्यात बांधून मिळायचा. विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला या बंदरांतून बोट सुटायची आणि ती सामानासकट माणसाला मुंबईच्या धक्क्यावर उतरवायची. पावसाळ्यात बोटी बंद. त्यामुळे जे काही न्यायचं ते त्याआधीच. कुळथाची पिठी तर रातपाळीहून आलेल्या माणसासाठी देवाने दिलेली. लसणीची फोडणी, दोन आमसुलं, वरून पीठ लावलं की दहा मिनिटांत भातावर ओतायला तयार. सोबत चुलीवर भाजलेला सुका बांगडा. ‘जेवलंस काय रे?’ या प्रश्नाला ‘होय, पिठी-भात जेवलंय’ असं सांगता आलं की परक्या शहरातला दिवस निभावला.

गावाहून मनिऑर्डर मागवली जात नव्हती, ती मुंबईहून जायची. गावाने मात्र तांदूळ, सोलं, मसाला पाठवला. मुंबईच्या पगारात जो माणूस जगला, तो अर्धा गावच्या बायकांच्या कष्टावर जगला. याचा हिशेब कुठल्याही गिरणीच्या वहीत नाही.

दुसरा हिशेब खानावळवाल्यांचा. गिरणगावात अनेक बायकांनी आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत एकट्या पुरुषांना महिन्याच्या बोलीवर जेवण द्यायला सुरुवात केली. पगार झाला की पैसे, तोपर्यंत वाण्याकडून उधार. संप झाला की कामगारांचा पगार थांबायचा, पण भूक थांबत नव्हती. या बायका वाढत राहायच्या आणि स्वतः कर्जात जायच्या. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलं. खानावळवाल्यांना एकत्र करून सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून देणं हे त्याचं मोठं काम. ‘वाढप्या बाई’ ही उद्योग करणारी बाई आहे, हे तेव्हा कुठे कागदावर आलं.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव पहिल्यासारखं राहिलं नाही. सुमारे अडीच लाख कामगार त्या संपात होते. कितीतरी जण गावाला परतले, कितीतरी भांडुप, डोंबिवली, नालासोपारा, विरारकडे सरकले. खानावळी कमी झाल्या, पण लालबागच्या मिरची गल्लीत मे महिन्यात मसाल्यासाठी गर्दी होतेच. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. मालवणात स्टेशन नाही, तरी रात्री गाडीत बसलं की सकाळी कुडाळ, कणकवली. आता गाठोड्याच्या जागी खोके आणि थर्माकोलचे डबे आले. सोलकढीची पाकिटंही दुकानात मिळतात. सामान मिळणं सोपं झालं, हे चांगलंच.

पण एक गोष्ट अवघड झाली. चाळीत सगळेच गाववाले. सुका बांगडा भाजला तर शेजारी वास ओळखून ताट घेऊन यायचा. फ्लॅटमध्ये खिडकी बंद करून, एक्झॉस्ट लावून, चोरीचं काम असल्यासारखं भाजावं लागतं. काही सोसायट्यांत यावरून तक्रारी, सर्क्युलरं निघतात. आपल्याकडे घाटावरचे आहेत, गुजराती आहेत, केरळचे आहेत, शाकाहारीही आहेत. त्यांना त्रास होऊ नये ही काळजी घ्यायलाच हवी. कचरा बांधून टाकणं, जिन्यात पाणी न सांडणं हा आपला धर्म. पण ज्या वासाने आपल्या माणसांना या शहरात तग धरायला मदत केली, त्याची लाज वाटून घ्यायचं कारण नाही. मुलांना लाज वाटायला लागली, तर पुढच्या पिढीत पिठी कशी लावायची हेच कोणाला ठाऊक नसेल.

म्हणून एक साधी सूचना. सोसायटीत सत्तरी ओलांडलेल्या आज्या, काकू आहेत. काहींनी गावातून आगोट पाठवली, काहींनी मुंबईत डबे भरले. त्यांच्याकडून मसाल्याचं प्रमाण, तिरफळं कधी घालायची, घावन्याचं पीठ किती पातळ, हे लिहून घ्या. शेजारच्या मजल्यावरच्या घरांतलंही लिहून घ्या, कारण तीही माणसं कुठून तरी गाठोडं बांधूनच इथे आली आहेत. पुढच्या महोत्सवाच्या अंकात ती पानं छापता येतील. इमारतीचा इतिहास कमिटीच्या फाइलीत राहील, हा इतिहास मात्र आपणच जपायला हवा.