बिजागरीची कुळकथा

ताठ बसलेल्या माणसाच्या कोपरापासून त्याच्या डोळ्यांपर्यंत साधारण हातभर अंतर असते, आणि लॅपटॉपच्या कळफलकापासून त्याच्या पडद्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजले तर ते वीतभर भरते. मान अवघडणे, खांदे भरून येणे, मनगटातून कळा येणे अशा ज्या तक्रारी आज घरोघरी ऐकू येतात, त्यांपैकी पुष्कळशा तक्रारींचे मूळ या हात आणि वीत यांच्यातील तफावतीत आहे. ही तफावत ज्या चिमुकल्या अवयवाने कायम केली ती बिजागरी कोठून आली, कोणाच्या गरजेपोटी आली आणि येताना तिने काय मोडीत काढले, हे पाहिल्यावाचून लॅपटॉपवर सुखाने काम कसे करावे या प्रश्नाचे उत्तर पुरतेपणी सापडत नाही.

लेखणीच्या काळात हा प्रश्न या रूपात उद्भवलाच नव्हता, कारण बोरूचे टोक जेथे टेकते तेथेच हात आणि तेथेच दृष्टी, असा तो व्यवहार होता. बैठकीवर बसून पुढ्यातल्या उतरत्या बैठ्या मेजावर अथवा उभ्या केलेल्या गुडघ्यावर कागद धरून मोडीत मसुदे उतरवणारा आपल्याकडील कारकून कागदालाच थोडा वर उचलून घेई. मेजाला ढाळ दिलेला असे तो यासाठीच. म्हणून लेखकवर्ग व्याधीमुक्त होता असे मात्र मुळीच नाही. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने कारागिरांच्या रोगांवर १७०० मध्ये जो ग्रंथ लिहिला, त्याच्या १७१३ च्या आवृत्तीत त्याने लेखनिकांवर स्वतंत्र प्रकरण घातले आणि त्यांच्या दुखण्याची तीन कारणे नोंदवली: अखंड बैठक, एकाच दिशेने सतत होणारी हाताची हालचाल, आणि हिशेबात चूक होऊ नये म्हणून मनावर राहणारा ताण. तीनशे वर्षांपूर्वीचे हे निदान आजच्या कोणत्याही कचेरीला लावून पाहावे. त्यात एक अक्षर बदलावे लागत नाही.

हात आणि डोळे यांची पहिली फारकत टंकलेखन यंत्राने केली. अमेरिकेतील क्रिस्टोफर शोल्स याच्या यंत्राला १८६८ मध्ये पेटंट मिळाले, १८७४ च्या सुमारास रेमिंग्टन कंपनीने ते बाजारात आणले, आणि पुढे कळांकडे न पाहता टंकन करण्याची विद्या रूढ झाल्यावर बोटे एका जागी व नजर शेजारी ठेवलेल्या मसुद्यावर, अशी विभागणी पक्की झाली. महाराष्ट्रातील तालुक्यातालुक्यांतून चालणाऱ्या टायपिंगच्या वर्गांत शासकीय परीक्षेसाठी बसणाऱ्या मुलामुलींना पाठ ताठ, कोपरे अंगालगत आणि मनगट अधांतरी ठेवण्याची जी शिस्त लावली जाई, ती केवळ वेगासाठी नव्हती. दिवसभर बसणाऱ्या शरीराचा तो बंदोबस्त होता, आणि तो आज फारसा कोणी कोणाला शिकवीत नाही याची मला मनापासून खंत वाटते.

संगणकांना पडदे आले तेव्हा आरंभी पडदा व कळफलक बहुधा एकाच पेटीत जखडलेले असत. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीचे १९७५ चे व्हीटी ५२ हे यंत्र असेच एकसंध होते. परंतु त्याच कंपनीने १९७८ मध्ये व्हीटी १०० आणले तेव्हा कळफलक सुटा करून तो वळणदार तारेने जोडला, आणि १९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमच्या वैयक्तिक संगणकानेही तोच मार्ग स्वीकारला. माझ्या मते संगणकाच्या इतिहासातील हा सर्वांत माणुसकीचा बदल होय, कारण प्रत्येकाला आपल्या उंचीप्रमाणे पडदा वर आणि आपल्या कोपराप्रमाणे कळफलक खाली ठेवण्याची मुभा त्याने दिली. काम माणसाच्या देहाला अनुरूप असावे असे सांगणाऱ्या शास्त्राला १८५७ मध्ये वोइचेख यास्त्शेम्बोव्स्की या पोलिश विद्वानाने काम आणि नियम या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांची सांगड घालून ‘एर्गोनॉमिक्स’ हे नाव दिले होते. त्या शास्त्राचा हा विजय १९९० मध्ये कायद्यातही उतरला. त्या वर्षीच्या २९ मे रोजी युरोपीय समुदायाने पडद्यासमोर काम करणाऱ्यांसाठी जे निर्देश काढले, त्यांत कळफलक पडद्यापासून अलग आणि कललेला ठेवता येण्याजोगा असला पाहिजे, असे स्पष्ट शब्दांत नमूद केले आहे.

मात्र त्याच निर्देशात एक अपवाद आहे. कामाच्या जागी दीर्घकाळ वापरात नसलेली सुवाह्य यंत्रे त्या नियमांतून वगळली गेली. ज्यांनी हा अपवाद लिहिला त्यांना दोष देता येणार नाही. त्या काळी असे यंत्र प्रवासात तासभर उघडायचे आणि कचेरीत पोहोचताच मिटायचे, अशीच सर्वांची समजूत होती.

ही सुवाह्य यंत्रे निराळ्याच कुळातून आली होती. ॲलन के या संगणकशास्त्रज्ञाने १९६८ पासून मनात घोळवलेली आणि १९७२ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात लेखरूपाने मांडलेली ‘डायनाबुक’ची कल्पना मुलांसाठी होती, वहीएवढ्या आकाराची होती आणि तिला बिजागरी नव्हतीच, पडदा व कळा एकाच सपाट पाटीवर होत्या. १९८१ मध्ये विक्रीस आलेला ऑस्बॉर्न १ हा सुमारे ११ किलो वजनाचा, शिवणयंत्राच्या पेटीसारखा उचलून न्यावा लागणारा संगणक. त्याचे झाकण हाच त्याचा कळफलक होता आणि तो तारेच्या आधारे पुढे ओढून घेता येत असे. म्हणजे इतक्या अवजड यंत्रातही हात आणि डोळे यांची फारकत शाबूत राहिली होती, फक्त पडदा अवघा पाच इंचांचा होता.

बिजागरी आली ती १९८२ मध्ये. जॉन एलेनबी याच्या ग्रिड सिस्टम्स या कंपनीला हातपेटीत मावेल असा संगणक हवा होता, आणि बिल मॉग्रिज या इंग्रज रचनाकाराने ती अट पुरी करताना पडदा कळफलकावर शिंपल्यासारखा मिटेल अशी योजना केली. मॅग्नेशियमच्या कवचातील, सुमारे पाच किलो वजनाचे आणि आठ हजार डॉलरहून अधिक किमतीचे ते ‘ग्रिड कंपास’ यंत्र १९८३ च्या नोव्हेंबरात अंतराळयानातूनही जाऊन आले. मिटल्यावर काच आणि कळा दोहोंचे रक्षण होते व उघडताच काम सुरू करता येते, असा या रचनेचा दुहेरी गुण असल्याने ती पुढे सर्वमान्य झाली आणि आजतागायत तिला पर्याय सापडलेला नाही. प्रवासी यंत्र म्हणून मॉग्रिजची ही कृती निर्दोष होती असेच मी म्हणेन. १९९१ च्या ऑक्टोबरात ॲपलने पॉवरबुक काढताना कळफलक पडद्याकडे मागे सरकवून पुढे तळहात टेकण्यास जागा केली. मनगटाला विसावा मिळाला, पण मान होती तेथेच राहिली, कारण वीत काही हात झाली नव्हती.

पुढे अपवादच नियम झाला. २००८ च्या तिसऱ्या तिमाहीत जगभरातील लॅपटॉपची विक्री प्रथमच मेजावरच्या संगणकांच्या वर गेली. चामडे या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून फारसीमार्गे आपल्याकडे आलेला ‘दप्तर’ हा शब्द मराठीत सरकारी कागदपत्रांनाही लागतो आणि मुलांच्या पाठीवरच्या पिशवीलाही; लॅपटॉपने हे दोन्ही अर्थ एकाच खांद्यावर चढवले. २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदीचा हुकूम निघाला तेव्हा पुण्यामुंबईतील हजारो घरांत पलंग, जेवणाचे टेबल आणि देवघराशेजारचा पाट या कचेऱ्या झाल्या. मीही असे काम करणाऱ्यांतलाच एक. पाच महिन्यांनी उजवा हात खांद्यापासून बधिर होऊ लागला, आणि ज्या वैद्यांकडे गेलो त्यांनी औषधाआधी मला बसून दाखवायला सांगितले. सुमारे पाच किलो वजनाचे डोके जितके पुढे झुकते तितका मानेच्या स्नायूंवरील भार कित्येक पटींनी वाढतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

उपाय यंत्राच्या कुळकथेतच आहे: १९७८ मध्ये जे अलग केले आणि १९८२ मध्ये जे पुन्हा जोडले, ते आपल्या घरी पुन्हा अलग करावे. लॅपटॉपखाली जाड पुस्तकांची चळत रचून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या समतल आणावी, सुटा कळफलक आणि माउस कोपराच्या उंचीवर ठेवावा, पाय जमिनीला न पोहोचल्यास खाली पाट घ्यावा आणि अर्ध्या तासाने उठून चार पावले टाकावीत. बैठकीत नुसते बसून राहणे हे रामाझ्झिनीने पहिलेच कारण सांगितले होते. वाचकहो, घरात दिवसाचे आठ तास लॅपटॉपपुढे वाकून बसणारे कोणी असेल, तर एक सुटा कळफलक आणि दोन जुने शब्दकोश आज संध्याकाळीच त्याच्या मेजावर नेऊन ठेवा.