महेशचंद्रांची सवय

माझी ऑनलाइन बुद्धिबळातली एक सवय आहे. काळ्या सोंगट्या आल्या की समोरचा काय खेळतोय ते फारसं न बघता मी राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवतो, त्याच्यामागे उंट आणून बसवतो आणि किल्लेकोट करून मोकळा होतो. पटाचा मधला भाग खुशाल समोरच्याला देऊन टाकायचा, मग बघू! तीन मिनिटांच्या डावात विचार करायला वेळ कोणाला आहे? (आळस म्हणा हवं तर.)

परवा असाच एक डाव हरलो, सुरुवातीलाच दोष दिला, आणि मग ही सवय मुळात कोणाची हे शोधत बसलो. शनिवार त्यातच गेला.

गोष्ट १८४८ च्या आसपासची, कलकत्त्यातली. जॉन कॉक्रेन हा तिथला बॅरिस्टर. हौशी खेळाडूच, पण लंडनमध्ये हॉवर्ड स्टाँटनशी शेकडो डाव खेळलेला. कलकत्त्यात त्याच्या तोडीचं कोणी नव्हतं. त्याच्या कानावर आलं की खेडेगावात कधीच न हरलेला एक ब्राह्मण आहे. क्लबातला एक जण त्या बाजूला गेला होता, तो त्याच्याशी दोन डाव खेळला. दोघांनी एकेक जिंकला. हे गृहस्थ म्हणजे महेशचंद्र बॅनर्जी, वय पन्नाशीच्या घरात. ते कॉक्रेनशी दोन हात करायला थेट कलकत्त्याला आले आणि अर्थातच हरले! पण कॉक्रेन खूश झाला आणि त्याने त्यांना क्लबात पगारावर ठेवून घेतलं.

ही सगळी माहिती येते १८५० साली लंडनच्या एका बुद्धिबळ मासिकात छापलेल्या पत्रातून. त्याच पत्रात महेशचंद्रांचा मुख्य दोषही सांगितलाय: डावाची सुरुवात कच्ची.

आता ही 'कच्ची' सुरुवात काय होती? आपल्याकडच्या जुन्या देशी खेळात प्यादं साधारणपणे पहिल्या खेळीतही एकच घर जायचं. त्यामुळे झटकन मध्यभाग काबीज करायचा प्रश्नच नव्हता. हळूहळू प्यादी सरकवायची, उंट बाजूने काढायचे आणि लांबून नेम धरायचा. विलायती नियमांनी खेळतानाही महेशचंद्रांचा हात तसाच चालायचा. युरोपात तेव्हा मध्यभागी प्यादी ठोकणं म्हणजेच बुद्धिबळ. त्यामुळे त्यांना हे अडाणीपणाचं वाटलं, यात नवल नाही.

१८५५ चा एक डाव बघा. कॉक्रेन पांढरा, महेशचंद्र काळे. तिसऱ्या खेळीपर्यंत पटावर जी मांडणी होते, तिला आज आपण ग्रुनफेल्ड डिफेन्स म्हणतो. अर्न्स्ट ग्रुनफेल्डने ती खेळली १९२२ साली, म्हणजे ६७ वर्षांनी! पुढे १९८६ च्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात कास्पारोव्हने कार्पोव्हविरुद्ध हीच वापरली.

आणि तो १८५५ चा डाव? महेशचंद्र हरले. अठराव्या खेळीला त्यांनी वजिरावर घोडा टाकला आणि कॉक्रेनने वजिराचा बळी देऊन तीन खेळ्यांत मात केली. स्वतःच्याच सोंगट्यांत राजा गुदमरून मेला. पण चूक त्या घोड्याची होती, सुरुवातीची नव्हे. सुरुवात उत्तम होती. फक्त ती हरलेल्या माणसाने खेळली होती, आणि हरलेल्याच्या खेळीला कोण सिद्धांत म्हणणार?

कॉक्रेनच्या नावाचा गॅम्बिट आजही पुस्तकांत आहे. गंमत म्हणजे त्याचा पहिला नोंदलेला डावही १८४८ चा, महेशचंद्रांविरुद्धचाच! महेशचंद्रांच्या वाट्याला आलं ते नुसतं 'इंडियन'. किंग्ज इंडियन, निम्झो-इंडियन वगैरे घराण्याचं हे नाव या कलकत्त्याच्या डावांशी जोडलं जातं. म्हणजे देशाचं नाव राहिलं, माणसाचं गेलं.

त्यांना स्वतःला या 'कच्च्या' सुरुवातीबद्दल काय वाटत होतं, हे कोणी विचारून लिहून ठेवलेलं नाही. आपल्यापर्यंत पोचल्या त्या खेळ्या. एखाद्या अनोळखी ऑनलाइन खेळाडूबद्दल आपल्याला जेवढं कळतं, तेवढंच. पण त्या खेळ्यांत एक गोष्ट दिसते: नावं ठेवली गेली तरी माणसाने आपली चाल सोडली नाही.

असो. परवाचा माझा डाव मग नीट तपासला. सुरुवात ठीक होती. वाट लावली ती मीच, विसाव्या खेळीनंतर घाईघाईत. आज रात्री पुन्हा तेच प्यादं, तेच एक घर!