न पाहिलेला ‘सावकारी पाश’

नारायण हरी आपटे हे नाव एम.ए.च्या वर्गात उच्चारले, की बहुतेक विद्यार्थ्यांना वाटते सरांनी हरी नारायण आपट्यांचे नाव उलटे घेतले. ‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहिणारे आपटे निराळे आणि सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावला राहून कादंबऱ्या लिहिणारे हे आपटे निराळे. एके काळी घराघरांतून वाचला गेलेला हा लेखक आज अभ्यासक्रमात नाही आणि ग्रंथालयाच्या कपाटातूनही सहसा बाहेर निघत नाही. तरीही मराठी चित्रपटाच्या इतिहासात त्याची जागा पक्की आहे. बाबुराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ (१९२५), ‘भाग्यश्री’ या कादंबरीवरचा ‘अमृतमंथन’ (१९३४) आणि ‘न पटणारी गोष्ट’वरचा ‘कुंकू’ (१९३७) हे तिन्ही चित्रपट त्याच्या कथांवर उभे आहेत. प्रस्तुत लेखात विचार करायचा आहे तो पहिल्याचा आणि तिसऱ्याचा. एक आम्ही घरी बसून पुनःपुन्हा पाहिला आणि त्यावर भांडलो. दुसरा कधीच पाहिला नाही.

‘घरी बसून’ हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात जुना चित्रपट गंभीरपणे पाहण्याची जागा घर हीच राहिली आहे. मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ स्थापन झाले. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय होते आणि फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सतीश बहादूर ‘पथेर पांचाली’ दृश्यादृश्यांत उलगडून शिकवत होते. मलकापूर-शेगाववरून रेल्वे जाते, खामगावला एक फाटा येतो, पण खुद्द बुलढाण्याला रेल्वेही नाही. तिथे ही चळवळ पुस्तकांच्या रूपानेच पोहोचली. आमच्या पिढीतील मराठीच्या विद्यार्थ्यांना जुना चित्रपट आधी वाचायला मिळाला आणि पाहायला नंतर. हंसा वाडकर आम्हांला ‘सांगत्ये ऐका’ मधून भेटल्या, ‘संत सखू’ मधून नव्हे. दुर्गा खोटे ‘मी, दुर्गा खोटे’ मधून, विश्राम बेडेकर ‘एक झाड आणि दोन पक्षी’ मधून आणि अवघी प्रभात कंपनी बापू वाटव्यांच्या ‘एक होती प्रभातनगरी’ मधून आली. इसाक मुजावरांच्या लेखनाने तारखा पुरवल्या आणि नागपूर-जळगाव आकाशवाणीने गाणी. चित्रपटाची गोष्ट ठाऊक, गाणे पाठ, नटीचे अवघे आयुष्य ठाऊक, पण चित्रपट मात्र पाहिलेला नाही, अशी ती विलक्षण स्थिती होती. (याचे एक उलटे उदाहरणही आमच्याच जिल्ह्यातले आहे. मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ ही कविता त्याच नावाचा संग्रह निघण्याच्या कितीतरी आधी जी. एन. जोशींच्या ध्वनिमुद्रिकेतून महाराष्ट्रभर गेली होती.)

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पण आमच्याकडे त्याचे चित्र येत नसे. १९८४ च्या सुमारास लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे देशभर पसरले, तेव्हा गच्चीवर अँटेना फिरवून मुंग्यांतून चित्र शोधण्याचे दिवस आले. रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतला चित्रपट असे. त्यात मराठीची पाळी क्वचित, आणि ती आली की नेमकी लाईट जायची. १९८२ च्या एशियाडनंतर व्हीसीआर आला. गणपतीत किंवा लग्नघरी वर्गणी काढून तो भाड्याने आणायचा आणि उजाडेपर्यंत तीन सिनेमे बघायचे, ही रीत गावोगाव पडली. पण त्या रात्रींत जुन्या मराठी चित्रपटाला कोण विचारतो! त्याचे घरात खऱ्या अर्थाने येणे झाले ते व्हीसीडीच्या काळात. एक चित्रपट दोन तबकड्यांवर असे, आणि दिग्दर्शकाने कल्पनाही केली नसेल अशा जागी मध्यंतर होई. दुसरी तबकडी घालेपर्यंतच्या त्या दोन-तीन मिनिटांत आमच्या चर्चा सुरू झाल्या, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

त्यानंतर इंटरनेट आले आणि तबकड्या माळ्यावर गेल्या. २०२० च्या टाळेबंदीत तर चौघे मित्र चार घरांत एकाच वेळी एकच चित्रपट लावत असू आणि बोलणे फोनवर चाले. असो.

‘कुंकू’ आम्ही पहिल्यांदा पाहिला तो कादंबरीचे नाव मनात ठेवून. गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. मामाने फसवून एका वृद्ध वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा हे लग्न मानायलाच नकार देते. देवलांच्या ‘संगीत शारदा’ नंतर (१८९९) अडतीस वर्षांनी जरठ-कुमारी विवाहाचा प्रश्न पुन्हा मांडला गेला, असे आपण वर्गात सांगतो. पण शारदेला वाचवायला इतर माणसे धावतात आणि तिचे लग्न मोडते. नीरेचे लग्न लागलेले आहे, आणि तिला वाचवणारे तिच्याशिवाय कुणी नाही. हा फरक पुस्तकात वाचून कळतो, परंतु शांता आपट्यांची ताठ मान पाहिल्यावर तो अंगावर येतो. केशवराव दात्यांचा वकील खलनायक नाही हेही पाहिल्यावरच कळते. त्याची जुनी, लंबकाची घड्याळ, त्याचा आरसा, त्याची छत्री या वस्तू त्याच्या वयाविषयी त्याच्याहून अधिक बोलतात. फुटलेल्या आरशाच्या तुकड्यांतून त्याचीच प्रतिमा त्याला हसते, त्या दृश्यापाशी आम्ही रिमोटचे बटण दाबून चित्र थांबवले. चित्रगृहातल्या १९३७ च्या प्रेक्षकाला ही सोय नव्हती. पुण्यातल्या विद्यार्थ्यांना बहादूर सरांनी जे शिकवले, ते आम्हांला या बटणाने थोडेफार शिकवले असे मी मानतो. या चित्रपटाला रूढ अर्थाचे पार्श्वसंगीत नाही, जे ऐकू येते ते त्या घरातले आणि रस्त्यावरचे आवाज, ही गोष्टही आमच्यापैकी एकाच्या ध्यानात आली ती तिसऱ्या खेपेस, तीही शेजारच्या घरातला कुकर शिट्टी देऊन थांबल्यावर खोली एकदम शांत झाली म्हणून.

खरा वाद झाला तो शेवटावर. वकिलाला स्वतःच्या अन्यायाची जाणीव होते, नीरेने पुन्हा लग्न करावे असे पत्र लिहून तो मरण पत्करतो. आम्ही प्राध्यापक मंडळींनी सुधारकी परंपरा, शोकांतिका, हृदयपरिवर्तन असे शब्द काढले. ज्यांच्या घरी बसलो होतो त्या मित्राच्या आई दारापाशी बसून गव्हातले खडे काढत चित्रपट पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “काहून रे पोरहो, हा म्हतारा मेला काहून? तो मरून मोकया झाला. लोकं नाव तं पोरीलेच ठेवतीन.”

या एका वाक्याने आमची चर्चा जिथे अडली, तिथून पुढे जायला आम्हांला कायद्याची पुस्तके काढावी लागली. म्हाताऱ्याला मारण्यावाचून कथाकाराला गत्यंतर होते का? पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा, पण तो विधवेसाठी. नवरा जिवंत असताना त्याच्यापासून सुटण्याची वाट हिंदू स्त्रीला मुंबई प्रांतात १९४७ च्या कायद्याने मिळाली आणि ती सर्वत्र खुली झाली १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने. आमचे वऱ्हाड तर १९५६ पर्यंत मुंबईत नव्हतेच, ते मध्यप्रांतात होते. त्यामुळे ४७ च्या कायद्याचा इथल्या बाईला उपयोग नव्हता. ज्या जातींत काडीमोडीची रूढी होती त्यांची गोष्ट निराळी, पण नीरा त्या समाजातली नव्हे. म्हणजे १९३७ साली तिला सोडवायचे तर तिला आधी विधवा करणे भाग होते. ज्याला आपण वाङ्मयीन शेवट समजतो तो कायद्याने घातलेला शेवट आहे. काकूंचा आक्षेप मात्र याही पलीकडचा होता. मेलेल्या माणसाची थोरवी जिवंत बाईच्या खात्यावर कर्ज म्हणून चढते, असे त्यांना म्हणायचे होते. चित्रपटात वकिलाची सुधारक विचारांची मुलगी शकुंतला परांजप्यांनी केली आहे. र. धों. कर्व्यांच्या विचारांच्या आणि पुढे संततिनियमनाच्या कामात आयुष्य घातलेल्या या बाईंनी त्या शेवटाकडे कसे पाहिले असेल, हा विचार त्या दिवसापासून माझ्या मनातून जात नाही.

मराठीतल्या चित्रपट-समीक्षेचा इतिहास लिहिणारे अरुण खोपकरांच्या ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ पाशी थांबतात, नांदेडच्या विजय पाडळकरांपाशी थांबतात, आणि ते योग्यच आहे. पण दारापाशी बसून खडे काढता काढता केलेल्या या समीक्षेची नोंद कुठे होत नाही. चित्रगृहाच्या अंधारात ती उच्चारली गेली नसती, उच्चारली तर पुढच्या रांगेतून “गप बसा” आले असते. घरात आलेला चित्रपट लहान झाला, त्याची भव्यता गेली, ही तक्रार खरी आहे आणि ती मलाही मान्य आहे. ‘संत तुकाराम’ मधला विष्णुपंत पागनिसांचा चेहरा मोबाइलच्या पडद्यावर पाहणे हा मी अपराधच समजतो. पण त्या घरातल्या बाईला चित्रपट थांबवून बोलता आले, ही नोंदही इतिहासाने केली पाहिजे.

आणि इथेच ‘सावकारी पाश’ आठवतो.

कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबुराव पेंटरांनी काढलेला हा मूकपट. पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रपटांच्या त्या काळात त्यांनी कर्जात जमीन गमावून शहराची वाट धरणारा आणि गिरणीत मजूर होणारा शेतकरी पडद्यावर आणला. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत शांताराम होते, तेच पुढे ‘कुंकू’चे दिग्दर्शक झाले. या चित्रपटाची प्रत आज उपलब्ध नाही. पेंटरांनी १९३६ मध्ये तीच कथा बोलपटाच्या रूपात पुन्हा केली. जे. बी. एच. वाडियांनी लिहून ठेवले आहे की मूकपटाची त्यांची आठवण पुसट होती आणि पेंटरांचे मोठेपण त्यांना कळले ते बोलपट पाहिल्यावर. म्हणजे एका जाणकार साक्षीदाराच्या मनातही मूळ चित्रपट दुसऱ्याच्या आडूनच उरला होता.

भारतात सुमारे तेराशे मूकपट निघाले. त्यांतले पूर्ण वा अपूर्ण मिळून तीसही हाती नाहीत. फिल्मचा जुना नायट्रेटचा पाया सहज पेट घेणारा. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत संग्रहालयाची अशी कितीतरी रिळे गेली. पण बरेचसे त्याआधीच गेले होते, आणि ते माणसांच्या हातून. चित्रपटाचा धंदा आटोपला की रिळे भंगारात विकायची आणि त्यांतली चांदी काढून घ्यायची, हा रिवाज होता. ‘आलम आरा’ सुद्धा त्यातून वाचला नाही. पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून जे वेचून आणले, त्यावरच आज आपण बोलतो आहोत. खामगाव हे आमच्याकडचे चांदीचे गाव. तिथल्या कुठल्या पैंजणात कुठला मूकपट वितळला असेल, कुणी सांगावे.

मूकपट तेराशे असोत की आणखी कमी, सगळे टिकले असते असे कुणी म्हणणार नाही, आणि त्यांतले पुष्कळसे सामान्यच असणार. परंतु हाच एक जाणे आमच्या जिल्ह्याला विशेष सलते. २००६ साली शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. त्या विषयावर पुढे ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) सारखा चांगला चित्रपट आला. पण कर्जाचा हा पाश मराठी कॅमेऱ्याने १९२५ सालीच पाहिला होता, ही गोष्ट आमच्याकडे कुणाच्या स्मरणात नाही, कारण दाखवायला काही उरलेले नाही. विवाहाच्या प्रश्नावर आपट्यांनी लिहिले ते काकूंपर्यंत पोहोचले आणि त्यांनी त्याला उत्तरही दिले. जमिनीच्या प्रश्नावर त्यांनी लिहिले ते पोहोचले नाही. लेखक तोच, मधली कडी तेवढी वितळून गेली.

म्हणून एकदा, दाखवायला चित्रपट नसतानाही, त्याच बैठकीत आम्ही ‘सावकारी पाश’ची गोष्ट नुसती सांगितली. पुस्तकांतून जेवढी मिळते तेवढीच, म्हणजे शेतकरी, सावकार, गेलेली जमीन, शहर आणि गिरणी. काकूंनी सगळे ऐकून घेतले.

“मंग तो गिरनीत गेला म्हना,” त्या म्हणाल्या. “आमच्या गावचे तं सुरतेले गेले.”

मग कुणीतरी ‘दो बिघा जमीन’ लावला.